पहिली पाळी देवाची

आठ वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राचं उत्तर राहून गेलं, असं आनंदराव थोरात स्वतःशी म्हणत. पण ते खरं नव्हतं. राहून जातं ते दळण. राहून जातो एखाद्या पाहुण्याला करायचा फोन. या पत्राचं उत्तर त्यांनी चार वेळा लिहायला घेतलं होतं, आणि चारही वेळा अर्धामुर्धा कागद घडी घालून मूळ पत्रासोबत एका जाडजूड पुस्तकात ठेवून दिला होता. पुस्तक मातीच्या गुणधर्मांवरचं. कपाटात वरून दुसऱ्या फळीवर. त्यांची बायको मंगल झाडलोट करताना ते उचलायची, खालची धूळ पुसायची आणि जागेवर ठेवायची.

पत्र वहीच्या दुरेघी कागदावर होतं. एकेक अक्षर कोरून काढलेलं.

"माती बघणारं थोरात सायेब यांस, बोरमाळहून बिराप्पा मोटे याचा रामराम. तुमी माझी माती हातावर वळून बघितली हुती, ध्येनात आसंल. तुमी सांगितल्यापरमानं मुरूम लागंस्तवर पाया खणला, घराला केसाएवढी चीर न्हाई. आता आमच्या बिरोबाचं देऊळ मागल्या अंगानं खचाय लागलंय. उंबऱ्यावर ठेवल्यालं लिंबू पयलं जाग्यावर ऱ्हायाचं, आता मावळतीला गडगडत गाभाऱ्यात जातंय. भितीत बोट जाईल अशी चीर पडलीय. देवाच्या सेवेत कसूर न्हाई. कॅनॉल आल्यापास्नं पाण्याची पयली पाळी देवाची. देवळाभवती घोटाभर पाणी हुभं करतो, मगच शेताला घेतो. पर जुनी माणसं म्हनत्यात, पाणी आलं आन् बिराप्पानं मेंढरं इकली, म्हणून देव रुसून भुईत निघाला. मेंढरं मीच पयली इकली, हे खरं. तुमी शिकल्याली माणसं. काय आसंल ते लिवा. देव माज्यामुळं चाललाय का?"

आनंदराव कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मातीच्या प्रयोगशाळेत सहायक होते. चौतीस वर्षं. प्राध्यापक फळ्यावर समीकरण मांडत, आणि ते समीकरण मातीला मान्य आहे की नाही हे आनंदराव पोरांना माती भिजवून, वळून, वाळवून दाखवत. ओल्या मातीची तळहातावर सुतळी वळायची. काडीएवढी बारीक झाली तरी तुटली नाही, की समजायचं ही माती पाण्याची मोठी हावरी. पोरं त्यांना सर म्हणत. त्यांना ते दर वेळी थोडं टोचत असे, कारण ते डिप्लोमावाले होते आणि नावापुढं लावायला काही नव्हतं.

बिराप्पा एकदाच तिथं आले होते. मेंढरं विकून शेती धरलेली, नवं घर बांधायचं होतं, आणि कराडला माती तपासतात एवढंच कुणीतरी सांगितलेलं. खांद्यावर घोंगडं, आणि फडक्यात बांधलेलं ढेकूळ कोकरू धरावं तसं छातीशी धरलेलं. खताची तपासणी निराळी, घराची निराळी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आनंदरावांनी त्यांना परत लावलं नाही. ढेकूळ भिजवलं, सुतळी वळली, आणि म्हणाले, "ही पाणी प्याली की फुगते, मऊ पडते, वाळली की आक्रसते. हिच्यावर घर ठेवू नका. खाली मुरूम लागेपर्यंत खणा." बिराप्पा त्या सुतळीकडं बराच वेळ बघत राहिले होते. "मानूस हात बघून सांगतो तसं तुमी माती बघून सांगताय की वं!"

म्हणून पत्र आलं तेव्हा दारात उभ्या उभ्या वाचतानाच आनंदरावांना उत्तर कळलं होतं. ते पत्रातच होतं. घोटाभर पाणी.

काळी माती कोरडी असली की दगडाला भारी असते. देऊळ बांधणाऱ्या गवंड्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी जी भुई पाहिली, ती पहार मारली तर ठिणगी उडेल अशी. त्या मुलखात पाऊस पडायचा तो धूळ बसण्यापुरता. त्यांनी दोन हात खणलं, दगडगोटे चुन्यात बसवले आणि वर देऊळ रचलं. त्यांचं काही चुकलं नाही. कृष्णेचं पाणी पंप लावून डोंगर चढवतील आणि ते बोरमाळपर्यंत येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाणी आलं आणि मातीच्या कणाकणांत शिरलं. ज्या कणांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं त्यांची मिठी सुटली. वरचं ओझं मात्र तेवढंच.

हे सगळं लिहायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण आनंदरावांचं पहिलं उत्तर सहा पानांचं झालं. त्यात आकृत्या होत्या. बिराप्पांना आकृत्या कशाला, म्हणून ते ठेवून दिलं. दुसरं फार ठाम झालं. जागा न बघता, एक मूठ माती हातात न घेता इतकं ठाम बोलणारे आपण कोण? तिसऱ्यात इतके 'कदाचित' आणि 'बहुधा' पडले की त्यांनाच वाचून काही बोध होईना. चौथं 'पाणी देऊ नका' या शब्दांशी अडलं. ज्यांच्या तीन पिढ्या पाण्यासाठी मेंढरांमागं मुलूख तुडवत फिरल्या, ज्यांनी पाणी आल्यावर पहिली ओंजळ शेताला न देता देवाला दिली, त्यांना हे कसं लिहायचं? आणि बिरोबा मेंढपाळांचा देव; मग मेंढरांचा प्रश्न? तो आपल्या विषयातला नाही, असं ठरवून त्यांनी चारही कागदांत तो वगळला होता.

मग उन्हाळा आला, परीक्षा आल्या. मग वाटलं, आता इतक्या उशिरा काय लिहायचं. पुढं निवृत्ती. उशीर वर्षागणिक जाड होत गेला, पुस्तकाइतका, आणि तोच न लिहिण्याचं कारण होऊन बसला.

यंदा फेब्रुवारीत अंकिताचा फोन आला. त्यांच्या प्रयोगशाळेतली जुनी विद्यार्थिनी. आता पुण्यात जुन्या इमारतींच्या पायाची कामं करते.

"सर, सांगली जिल्ह्यात एक देऊळ खचतंय. देवस्थान कमिटीनं बोलावलंय. मातीचे नमुने लॅबला जातीलच, पण जागेवर हातानं सांगणारं कुणी हवं. येता?"

"कुठं?"

"कवठेमहांकाळच्या पुढं. बोरमाळ म्हणून गाव आहे."

फोनवर अंकिता "सर? हॅलो?" करत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात मंगल उभी होती. तिला गावाचं नाव ऐकू गेलं नव्हतं, पण त्या पुस्तकाकडं बघताना होतो तसा झालेला नवऱ्याचा चेहरा तिला पुरेसा होता.

"जावा," ती म्हणाली. "आठ वर्सं त्या पुस्तकाखालची धूळ पुसती मी. आता तरी उचला तिथनं."

अंकिताची गाडी सकाळी कराडातून निघाली. आनंदरावांनी पत्र बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि पिशवीत काचेच्या पातळ पट्ट्या, बोटाएवढ्या लांबीच्या, आणि प्लास्टरची पुडी. अंकिता हसली. "सर, आता भेगेवर लावायला डिजिटल मीटर येतात."

"असतील. काच खोटं बोलत नाही. भेग हलली की फुटते."

तासगावच्या द्राक्षबागा मागं पडल्या. पुढं पूर्वी नुसती कुसळं उडायची तिथं आता हिरवे पट्टे होते: डाळिंब, मका, मधूनच ऊस. आनंदराव हे हिरवं बघत होते आणि त्यांना आनंद होत नव्हता. याची त्यांना लाजही वाटत होती.

देऊळ गावाच्या खालच्या अंगाला होतं. पूर्वेला तोंड, पुढं खांबांचा मंडप, मागं गाभारा. लांबून ते मागचे पाय मुडपून बसलेल्या म्हशीसारखं दिसत होतं. पुढच्या बाजूनं जोत्याचे पाच थर मोजता येत होते. मागच्या बाजूला तीनच वर उरले होते. भोवती चिखल. चिखलात बायकांच्या पावलांचे आणि हळदीच्या भंडाऱ्याचे पिवळे ठसे.

कमिटीचा अध्यक्ष इंद्रजित तिशीतला, तरतरीत. त्यानं हात जोडले आणि लगेच मुद्द्याला हात घातला. "मॅडम, जॅक लावून उचलता येत न्हाई का? आमच्या सांगलीत महापुरानंतर बंगलं उचलत्यात की! चार फूट वर. आत मानसं च्या पित बसत्यात."

"बंगल्याला खालून काँक्रीटचा पट्टा असतो, सगळा मिळून एक डबा असतो तो," अंकिता म्हणाली. "हे दगडावर दगड आहे. एक कोपरा उचललात तर बाकीचे म्हणतील, आम्ही चाललो."

"मंजी आमचा द्येव डब्यातला न्हाई," मागून कुणीतरी बोललं, आणि हशा पिकला. थोडाच. मग सगळे पुन्हा भिंतीतल्या चिरेकडं बघू लागले. बोट जाईल अशी होती, असं पत्रात होतं. आता मूठ जात होती.

अंकिताच्या माणसांनी हातानं फिरवायचं गिरमिट जमिनीत घातलं. आधी देवळापुढं. सहा फुटांवर खरखर झाली, मुरूम लागला. मग गाभाऱ्यामागं. आठ फूट, बारा, सोळा. गिरमिट लोण्यात जावं तसं जात राहिलं आणि वर येताना काळीभोर चकचकीत माती घेऊन येत राहिलं. अठरा फुटांवर मुरमाचा पहिला पिवळा खडा आला. आनंदरावांनी ती माती हातावर घेतली. सुतळी वळली. काडीएवढी झाली, तरी तुटेना.

"इथं मागं कधी ओढा होता का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली होता की अंकितानं तो पुन्हा मोठ्यानं विचारला.

"व्हता की," एका म्हातारीनं सांगितलं. "सुलाबाई म्हनत्यात मला. माज्या सासूची सासू सांगायची, ओढा आदी हितनं जायाचा. मग त्येनं वाट बदलली."

जुन्या ओढ्याचा खड्डा गाळानं भरला होता, आणि देवळाचं मागचं अंग त्याच्यावर बसलं होतं. सगळं देऊळ सारखं खचलं असतं तर एखादी पायरी जमिनीत गेली असती, एवढंच. पुढचं अंग मुरमानं धरलं आणि मागचं गाळानं सोडलं, म्हणून मधे फाटलं. आनंदरावांनी हे मनातल्या मनात आठ वर्षांपूर्वीच धरलं होतं. असं काहीतरी असणार. आज ते हातात होतं आणि त्यांना आपण बरोबर होतो याचंच वाईट वाटलं.

देवळाच्या आवाराबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा देवळाकडं पाठ करून बसला होता. पांढरं मुंडासं, गुडघ्यावर घोंगडं. आनंदरावांनी ओळखलं. पाय तिकडं न्यावेत की नाही या विचारात असतानाच ते तिथं पोचलेही होते.

"बसा," बिराप्पा म्हणाले. "कुटलं?"

"कराडचा."

"नाव काय म्हनायचं?"

"आनंदा," आनंदराव म्हणाले. आडनाव ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. तेव्हा केस काळे होते, अंगात प्रयोगशाळेचा निळा कोट होता. ओळखू येणार नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"आत का नाही बसत?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

सुलाबाई पाठोपाठ चहाचे दोन कप घेऊन आली होती. ती बिराप्पांची बायको. तिनंच उत्तर दिलं.

"पाच सालं झाली, देवळाची पायरी चढलं न्हाईत. पानी सोडायला तेवडं यायाचं, आन् बाहेरनंच हात जोडायचं. गाव म्हनतंय मेंढरं इकली म्हनून द्येव चालला. आता मला सांगा, सगळ्या गावानंच इकली! ह्येंनी चार म्हयनं आदी इकली, येवडंच."

"गप ग," बिराप्पा म्हणाले. "पावन्याला च्या पिऊ दे."

"का गप? ह्येंनी कराडला कागद बी घातला हुता," सुलाबाई आनंदरावांकडं वळून म्हणाली. "तुमच्या कराडलाच! माती बगनारा कोन हाय तिथं, त्येला. जवाब आला न्हाई. ह्येंनी काय म्हनावं? म्हनलं, शिकल्याल्या मानसाला खरं तोंडावर सांगवंना, मंजी दोष आपलाच हाय. मग त्या सालापास्नं देवाला येका पाळीच्या जागी दोन पाळ्या. आमच्या वाटनीची बी पाळी देवाला. डाळिंबं जळली आमची, पर देवाला पानी कमी पडू दिलं न्हाई."

आनंदरावांनी हातातला कप जमिनीवर ठेवला. बंडीच्या आतल्या खिशात कागद होता, छातीला लागत होता. एका पाळीच्या जागी दोन. त्यांच्या न लिहिण्याला त्या माणसानं उत्तर समजून वाचलं होतं. आणि मागच्या भिंतीतली बोटाची चीर मुठीची झाली होती.

"बिराप्पा," ते म्हणाले.

"हां?"

"सर!" देवळातून अंकितानं हाक मारली. "जरा येता? लोक जमलेत."

आनंदराव उठले. हाक आली म्हणून उठावं लागलं, असं त्यांनी मनाला सांगितलं. आणि हे सांगताना आपण सुटलो असंही वाटलं. ते वाटणं पुढं कित्येक दिवस त्यांच्या तोंडात कडू औषधासारखं राहिलं.

मंडपात चाळीसेक माणसं होती. अंकितानं कागदावर रेघा मारून समजावलं: वर देऊळ, खाली एका बाजूला मुरूम, दुसऱ्या बाजूला गाळ, आणि गाळात पाणी.

"मंजी पानी तोडायचं?" इंद्रजितनं विचारलं.

"एकदम तोडलं तर ते आणखी वाईट. इतकी वर्षं भिजलेली माती झपाट्यानं वाळली तर आक्रसेल, आणि देऊळ दुसऱ्या अंगानं फाटेल. हळूहळू कमी करायचं. वरच्या बाजूला खोल चर काढून त्यात जाड प्लास्टिक उभं लावायचं, म्हणजे शेताचं पाणी इकडं झिरपणार नाही. मग बघायचं."

"आन् पक्कं काम?"

"दोन वाटा आहेत. एक म्हणजे पायाखालून बारीक खांब खाली मुरमापर्यंत न्यायचे. पण भोकं पाडताना हादरे बसतात, आणि ही भिंत ते सोसेल अशी मला खात्री नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक दगडावर नंबर टाकून सगळं उतरवायचं, नवा पाया घालायचा, पुन्हा चढवायचं."

"आन् देव?"

"त्यालाही तेवढे दिवस हलवावं लागेल," अंकिता म्हणाली.

"द्येव हलायचा न्हाई," एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. "बिरोबाची शिळा हितनं हलली न्हाई कवा. आमच्या आज्यानं सांगितलंय."

"पानी दिलं तर बुडतोय, न्हाई दिलं तर फुटतोय, काढला तर हलतोय," इंद्रजित म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "मग आमी करायचं तरी काय, मॅडम?"

"सध्या? लाकडी टेकू. आणि मोजत राहायचं."

"पर कॅनॉलचं पानी धा गावांत आलं," काठीवाला म्हातारा म्हणाला. "तिथली देवळं का न्हाई खचली? आमचाच द्येव का? त्येनं मेंढरं इकली, आन् देवाला पानी बी त्येनंच लावलं. दोनी पापं येकाचीच." त्यानं लिंबाच्या झाडाकडं हात केला. सगळ्या माना तिकडं वळल्या. झाडाखालची पाठ हलली नाही.

इथंच बोलायचं होतं. आनंदरावांना ते स्पष्ट कळत होतं. त्या गावांत जुना ओढा देवळाखाली नाही. पाणी लावणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याला ठाऊक होतं तो इथं, या खांबाशी उभा आहे. तीन वाक्यं. त्यांनी तोंड उघडलं. "ते..." म्हणाले. चाळीस चेहरे त्यांच्याकडं वळले. चौतीस वर्षं आनंदराव प्राध्यापकांच्या मागं उभे राहून बोलले होते. पुढं उभं राहून बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

"ते... काचा लावून घेऊ या," ते म्हणाले.

आणि ते खरोखरच पिशवी घेऊन गाभाऱ्यामागं गेले. चिरेच्या दोन्ही कडांना प्लास्टरचे गोळे लावून तीन काचा आडव्या बसवल्या. वर एक, मधे एक, खाली एक. पेन्सिलीनं तारीख घातली. काम नीट झालं.

निघताना गाडी लिंबाजवळून वळली. आनंदरावांनी काच खाली केली आणि हात जोडले. बिराप्पा उठून काठीवर भार देऊन उभे होते.

"सावकास जावा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "थोरात सायेब."

गाडी पुढं गेली होती. आनंदरावांना आधी वाटलं आपल्याला भास झाला. मग आठवलं, गिरमिटाशेजारी उभे राहून त्यांनी माती हातावर वळली होती, आणि त्या वेळी झाडाखालच्या म्हाताऱ्यानं एकदाच मागं वळून पाहिलं होतं. म्हणजे चहाच्या आधीच ओळखलं होतं. नाव विचारलं तेव्हाही. सुलाबाईला गप्प केलं तेव्हाही.

"गाडी थांबवू का, सर?" अंकितानं विचारलं. ती आरशात त्यांच्याकडं बघत होती.

"नको," आनंदराव म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नको."

घरी आल्यावर त्यांनी पत्र पुस्तकात ठेवलं नाही. टेबलावर ठेवलं, चष्म्याच्या डबीखाली. मंगलनं ते पाहिलं. "झालं का बोलनं?" तिनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तोंड हाय का न्हाई तुमास्नी, येवड्या लांब गेला आन् तसंच परत आला," ती म्हणाली, आणि मग त्यांचा चेहरा बघून तिनं त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली, त्यांनी मागितली नसताना.

बारा दिवसांनी अंकिताचा फोन आला.

"सर, तुमच्या काचा. मधली आणि खालची फुटली. वरची शाबूत आहे. देऊळ दर्शनाला बंद केलंय, टेकू लावलेत. पुरातत्त्वाच्या लोकांना कळवलंय, पण त्यांचं उत्तर यायला महिने लागतील, आणि मधे पाऊस आहे. गाव दगड उतरवायला अजून तयार नाही. वाईट वाटतं, सर. आठ-दहा वर्षांपूर्वी कुणी नुसतं सांगितलं असतं ना, पाणी बाजूनं वळवा आणि एक चर खणा, तर एवढ्यावर भागलं असतं. दोन दिवसांचं काम. कुदळ-फावड्याचं."

"हो," आनंदराव म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं? टिकेल?"

आनंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या गच्चीवर कुणी चटया टाकून पापड वाळवत होतं. "माती काय करील ते सांगता येतं," ते म्हणाले. "देऊळ किती दिवस सोसेल ते नाही सांगता येत मला."

फोन ठेवून ते टेबलाशी बसले. आंतरदेशीय पत्र घरात होतं. त्यांनीच कधीतरी आणून ठेवलेलं, कडा पिवळट झालेल्या. पाचव्या खेपेला त्यांनी आकृती काढली नाही. 'कदाचित' लिहिलं नाही. लिहायला दुपार लागली, आणि झालं तेव्हा अर्धी जागा रिकामीच होती.

"श्री. बिराप्पा मोटे यांस, आनंदा थोरात याचा रामराम. तुमचं पत्र मला आठ वर्षांपूर्वी मिळालं होतं. तुम्ही विचारलं होतं, देव तुमच्यामुळं चाललाय का. नाही. मेंढरांचा याच्याशी काही संबंध नाही. देवळाच्या मागच्या अंगाखाली जुन्या ओढ्याचा गाळ आहे आणि तो पाण्यानं मऊ झाला. तुम्ही पाणी दिलंत ते भक्तीनं दिलंत; ते देऊ नये हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते पत्र वाचल्या दिवशी कळलं होतं. मी लिहिलं नाही. तुम्ही एकाच्या दोन पाळ्या केल्यात ते माझ्या न लिहिण्यामुळं. दोष कुणाचा हे गाव विचारील तेव्हा हा कागद सगळ्यांना वाचून दाखवा. देऊळ राहील असं मी सांगू शकत नाही. अंकिताबाई सांगतील तसं पाणी हळूहळू कमी करा. झाडाखाली तुम्ही मला ओळखलं होतंत हे मला गाडीत कळलं. मी उतरलो नाही, त्याचीही माफी मागतो."

त्यांनी ते मंगलला वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं, शेवटी बोट ठेवलं. "सही कुठं हाय?"

सही नव्हती. त्यांनी केली. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि खाली पत्ता.

"हे तिथं चावडीवर वाचलं तर लोक येत्याल हितं भांडाय," मंगल म्हणाली.

"येऊ दे."

"च्या लागंल मग चाळीस मानसांचा," ती म्हणाली, आणि कागदाच्या कडा पाण्यानं ओल्या करून तिनंच चिकटवल्या.

पोस्टाच्या भिंतीवरची लाल पेटी उन्हानं तापली होती. पेटीवर शेवटच्या टपालाची वेळ साडेचार लिहिलेली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आनंदरावांनी पत्ता पुन्हा वाचला. गाव, तालुका, पिन. पत्र फटीत घातलं आणि सोडलं. मग त्यांना वाटलं ते कडेला अडकलं असेल. त्यांनी फटीतून हात मनगटापर्यंत आत घातला, बोटांनी चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.